पाच नंबरला मारायचं

दवाखान्याच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करणाऱ्या बाईला वस्तीतली पोरं शिट्टीताई म्हणत. गळ्यात सदा शिट्टी आणि नाकाच्या शेंड्यावर सदा राग. वरची वस्ती आणि खालची वस्ती यांच्यामध्ये एक पडीक जागा होती. दोन्हीकडच्या टोळ्या तिथं एकमेकांची डोकी फोडत. तिचा धाकटा भाऊ तिथंच जिवानिशी गेला. त्याच वर्षी तिनं तिथला कचरा उपसला, दोन खांब रोवले, जाळी बांधली आणि व्हॉलीबॉल सुरू केला.

नियम एकच. चेंडू उचलून देणारा वरच्या वस्तीतला असेल, तर तो मारणारा, म्हणजे शूटर, खालच्या वस्तीतला. "ज्याच्याशी वैर, त्याच्याच हातून चेंडू घ्यायचा. जमत नसेल तर घरी जा, आईला भांडी घासू लाग."

तिचा सगळ्यात चांगला शूटर म्हणजे टोळ. सतरा वर्षांचा, नुसते पाय. त्याला चेंडू उचलून देणारी गोटी वरच्या वस्तीतली. आज चार वाजता क्रीडा वसतिगृहाची निवड होती. पुढच्या वर्षी टोळचं वय निघून जाणार होतं.

सकाळी अकराला गोटी धापा टाकत धुलाईघरात आली. "ताई, टोळला उचलला!"

"कोणी?"

"पोलिसांनी. माझ्यामुळे गं. मला पाठवलेला निरोप सापडला त्याच्या फोनमध्ये."

शिट्टीताईनं इस्त्री उभी केली आणि मुकादमाला न विचारता निघाली.

चौकीत साहेबानं तिला तीन तास बाकड्यावर बसवून ठेवलं. मग फोन पुढे धरला. "वाचा. परवा पाच नंबरच्या गल्लीत गोळीबार झाला, ठाऊक आहे ना? आणि तुमचं लेकरू काल काय लिहितंय बघा."

तिनं वाचलं. 'उद्या शूटर मीच. तू फक्त उचलून दे. पाच नंबरला मारून टाकू.'

तिला आधी हसू आलं आणि लगेच तळपायाची आग मस्तकात गेली.

"साहेब, हा खेळ आहे. उचलून द्यायचा तो चेंडू."

"आणि पाच नंबर? तोही चेंडूच?"

"कोपरा! मैदानात सहा जागा असतात. पाच नंबर म्हणजे मागचा डावा कोपरा."

"बरं. आणि याचं नाव टोळ. टोळीतला टोळ का?" साहेब स्वतःच्या विनोदावर खूश झाला.

"उड्या मारतो म्हणून टोळ! तुमच्यात कोणी जन्मात खेळलंय की नाही?"

दारातला हवालदार घसा खाकरून म्हणाला, "बरोबर आहे साहेब त्यांचं. मी खात्याच्या संघात होतो."

"मग सकाळपासून दातखिळी बसली होती का?" ती त्याच्यावर कडाडली.

"कुणी विचारलं नाही," हवालदार जमिनीकडे बघत पुटपुटला.

टोळला बाहेर आणलं, तेव्हा सव्वातीन झाले होते. त्यानं हात पाठीमागे धरले होते.

"हात बघू."

"काही नाही ताई."

"बघू म्हटलं ना!"

उजवा तळवा फुगून टम्म झाला होता, बोटं मिटत नव्हती. दरवर्षी व्यासपीठावरून कोणीतरी म्हणतंच, वस्तीतल्या मुलांनी वाईट मार्ग सोडून खेळाकडे वळावं. वळला होता की हा!

"सुटला ना? न्या आता," साहेब म्हणाला. "गैरसमज होतात."

"चालत न्यायचा? आणताना गाडी होती. पोचवायलाही गाडीच लागेल. आणि तुम्ही बरोबर यायचं."

"ओ बाई, डोकं ठिकाणावर आहे का?"

"माझं आहे. नाही आलात तर हा हात घेऊन आत्ता दवाखान्यात जाते. तिथले डॉक्टर मला ओळखतात. काय झालं ते कागदावर लिहून घेतील."

साहेबानं हवालदाराकडे पाहिलं. हवालदारानं गाडीची चावी आधीच हातात घेतली होती.

मैदानावर पोलिसांची गाडी थांबली तशी पोरं पांगली. निवड करणारे सर खुर्चीवरून उठले.

साहेब म्हणाला, "किरकोळ गैरसमजातून मुलाला जरा लागलं आहे."

"लागलं नाही," शिट्टीताई म्हणाली. "मारलं. कोणी ते सांगा."

साहेबाच्या मानेवर घाम आला. गोटी, टोळ, पांगलेली पोरं, सगळी ऐकत होती.

"आम्ही," तो म्हणाला. "चौकशीत. त्याचा दोष नव्हता."

सरांनी टोळचा हात पाहिला, मग यादी पाहिली. "पुढच्या शनिवारी आण. एकट्याची चाचणी घेतो. पण सवलत नाही हं, जमलं तरच."

"सवलत मागितलीय कोणी?" ती म्हणाली.

साहेब जाताना पुटपुटला, "निदान आभार तरी माना. आलो ना एवढा?"

तिनं तोंड उघडलं असतं, तर शनिवारच्या आधी तिलाच आत टाकावं लागलं असतं. ती टोळचा डावा हात धरून दवाखान्याकडे निघाली. कागद तर ती करून घेणारच होती.