बंद दाराविषयी तक्रार

तक्रारदार: मी स्वतः, पूर्वी विणकर, सध्या न्यायालयाबाहेरील फुटपाथवर अर्ज लिहिणारा. ज्यांच्याविरुद्ध तक्रार: लालबागमधील आमच्या चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरील समस्त बिऱ्हाडे. घटनेचा दिनांक: गिरण्यांचा संप मिटल्याचे आजतागायत कोणी रीतसर कळवलेले नाही, तेव्हा संपाला दहाएक वर्षे लोटल्यानंतरचा एक बुधवार. साक्षीदार: माझी मुलगी, तेव्हा दुसरीत, आणि तिचे बोट धरलेला माझा बालवाडीतील मुलगा. नावे मुद्दाम गाळली आहेत. आम्हां सर्वांचा नळ एकच आहे.

माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. तरीही माझ्या मसुद्यातील शब्द बदलण्याची वेळ वकिलांवर क्वचितच येते, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

बोटीवर नोकरी करणाऱ्या माझ्या मेहुण्याने मुलांसाठी टीव्हीला जोडायचा गेम आणला. त्यात एक बुटका माणूस खड्ड्यांवरून उड्या मारत पुढे जातो. संध्याकाळी तो मुलांच्या हाती असे. धाकटा मांडीवर बसून भलतेच बटण दाबी, मोठी रडे, बुटका खड्ड्यात पडे, आणि आतून पत्नी म्हणे, "तिघांपैकी लहान कोण, ते तरी सांगा." मुलांबरोबर खेळणे म्हणजे मुलांचे भांडण सोडवणे, हे मला लवकरच कळले.

म्हणून दुपारी, न्यायालयाच्या जेवणाच्या सुट्टीत, मी घरी येऊ लागलो. मुले शाळेत असत. पत्नी दादरला पोळीभाजी केंद्रात असे. चार मागांवर एकाच वेळी नजर ठेवणाऱ्या माझ्या हातांना संपानंतर तसे काम मिळाले नव्हते. मी लिहिलेल्या अर्जांचा निकाल लागलेला मी सहसा पाहत नाही. येथे तो तत्काळ लागे. बुटका मेला तर पुन्हा उभा राही. एवढ्या अर्ध्या तासाला मी विश्रांती म्हणत असे.

आता दाराविषयी. आमच्या चाळीत दिवसा दार लावत नाहीत. लावलेच तर आत आजारी माणूस आहे किंवा भांडण चालले आहे, असे समजतात. संपानंतर खालच्या मजल्यावरील एका विणकराने भर दुपारी दार लावून घेतले आणि ते लोकांना तोडावे लागले, तरी त्याचा जीव वाचला नाही. तेव्हापासून घरी बसलेल्या पुरुषाने दार उघडेच ठेवावे, असा न लिहिलेला नियम झाला. परंतु दुपारी गेम खेळणारा बाप साऱ्या मजल्याला दिसावा, हे मला प्रशस्त वाटेना. मी आवाज बंद करून कडी लावत असे.

त्या बुधवारी शाळा लवकर सुटली. दार वाजले. शेजारीण वर्तमानपत्र मागत असेल असे वाटून मी उठलो नाही. बुटका अशा जागी पोहोचला होता, जेथे आमच्या घरातील कोणीही पूर्वी पोहोचले नव्हते. मग बाहेर पावले वाढली. शेजारच्या काकी ओरडल्या, "अरे दार उघड मरे! चेडू रडताहा भायर!" बाहेर आपलीच मुलगी रडते आहे हे समजून मी उठेपर्यंत कडी निखळून आत पडली होती.

सारा मजला दारात उभा होता. पडद्यावर बुटका जागच्या जागी पाय हलवत होता. कोणी हसले नाही. काकींनी कपाळाला हात लावला. "आमी हय मराक टेकलव, आणि तू उडये मारतंस?" मी सांगू लागलो की आपल्याच घराचे दार लावणे हा गुन्हा नाही; पण लोक पांगू लागले होते. मुलगी मात्र पुढे आली. दप्तर पाठीवर तसेच ठेवून तिने माझ्या छातीला कान लावला आणि बराच वेळ काढला नाही.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली नाही. त्यानंतरचे कित्येक दिवस गेली नाही. धाकट्याला शेजारीण नेई. ही फुटपाथवर माझ्या शेजारी गोणपाटावर बसून राही. पत्नीने रागावून पाहिले, समजावून पाहिले. मी गेम मेहुण्याला परत देण्याची तयारी दर्शवली. "नको," मुलगी म्हणाली, "तुम्ही खेळा. मी बघते."

मग एका दुपारी, मी एका गिरणी कामगाराचा अर्ज लिहीत असता, तिने विचारले, "बाबा, त्या खालच्या काकांचं दार तोडलं, तेव्हा ते पण गेम खेळत होते?"

मी नाही म्हटले असते, तर पुढचा प्रश्न आला असता. हो म्हणणे खोटे होते. मी अर्ज पुरा केला.

ती आता तिसरीत आहे आणि शाळेत जाते. पण वळणावर थांबून मागे पाहते. प्रश्न तिने पुन्हा विचारलेला नाही, मागेही घेतलेला नाही. सबब विनंती अशी की, कडीची भरपाई मला नको. ती मागणी मी या लेखाने सोडत आहे. आमच्या मजल्यावर, किंवा ज्या गिरण्यांत आम्ही राबलो तेथील कारभारात, जो कोणी जाणता असेल त्याने वरील प्रश्नाचे खरे उत्तर, आठ वर्षांच्या मुलीला सांगता येईल अशा शब्दांत, मला द्यावे. मी पुष्कळ मसुदे करून पाहिले. ते मला जमलेले नाही.