अक्काने इंजिनची हवा तोडली

माझी थोरली बहीण, आमची अक्का, जनरेटर भाड्याने देते. धारवाडला मेकॅनिकलचा डिप्लोमा केला तेव्हा वर्गात ती एकटीच मुलगी होती. आता घर धारवाडच्या मळमड्डीत आणि शेड हुबळीच्या कमरीपेठेत. माझं हुबळीतच, दाजीबानपेठेत कापडाचं दुकान आहे. इंजिनातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. माझ्या मुलीच्या साखरपुड्यानंतर थोडं कळायला लागलं.

साखरपुड्याच्या दिवशी भर दुपारी वीज गेलेली. पहिली पंगत नुकतीच बसली होती. कार्यालयाच्या मागच्या अंगणात अक्काचाच जनरेटर चालू होता. मी स्वयंपाकघरात बुंदी आणायला गेलो आणि आवाज बदलला. घरघर चढत चढत किंकाळीवर गेली. दिवे डोळे दिपवतील असे पेटले आणि विझले. अंगण निळसर धुराने भरलं.

अक्का त्या दिवशी आत्या म्हणून आली होती, इरकल नेसून. हातातलं तबक ठेवून ती मागच्या दाराने धावली, तिच्यामागे मी. तिचा ऑपरेटर किल्ली फिरवून, डिझेलचा कॉक बंद करून हताश उभा होता.

"अक्का, निंद्रवल्दु री," तो म्हणाला. थांबतच नाही.

"तुम्ही लांब व्हा. आचाऱ्यांना पुढच्या बाजूला न्या," तिने त्याला कानडीत सांगितलं आणि माझ्याकडे वळली. "मोठा पोळपाट आण. लाकडी. पळ."

मला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तरी आणला. तिने पदर खोचला, एका अंगाला उभी राहिली आणि हवा आत ओढणाऱ्या नळकांड्याच्या तोंडावर पोळपाट कडेने धरून सरकवला. तो आपोआप घट्ट चिकटला. इंजिन गुदमरलं, दोन-तीन आचके दिले आणि गप्प झालं. मग पंगतीतला वाटीचमच्यांचा आवाज ऐकू आला. पुढच्यांना वीज पुन्हा गेली, एवढंच समजलं होतं.

"डिझेल बंद केलं होतं ना त्याने?" मी विचारलं.

"त्याला डिझेल लागतच नव्हतं. हवा आत ढकलणाऱ्या टर्बोचं सील गेलंय वाटतं. स्वतःचंच ऑइल ओढून जाळत होतं. अशा वेळी ते पळत सुटतं, शेवटी फुटतं. मग तुकडे कुठवर जातील सांगता येत नाही. हवा तोडली तरच थांबतं."

मी तिचं कौतुक करू लागलो, तर तिने मध्येच तोडलं. "शाबासकी नको देऊस. पोळपाट फुटला असता तर बोटं गेली असती. माझ्या माणसांवर असं करायची वेळ यायला नको."

साखरपुडा उरकल्यावर ती कामाला लागली. हवेच्या वाटेवर बसवायच्या झडपा तिने पुण्याहून मागवल्या. इंजिनचा वेग मर्यादेबाहेर गेला की झडप स्वतःच मिटते; शिवाय बाहेरच्या बाजूला एक लाल मूठ, ती ओढली तरी मिटते. पहिली झडप तिने स्वतः बसवली. रबरी नळीच्या जोडातून जरा जरी हवा शिरली तरी उपयोग नाही, म्हणून ती दिवसभर तेच जोड तपासत बसली. मग ऑपरेटरांना एकेक करून मूठ ओढायला लावली. "पुस्तकात वाचलेलं हाताला आठवत नाही," असं म्हणायची.

गेल्या वर्षी अळणावरजवळच्या एका भातगिरणीतून तिला फोन आला, तेव्हा मी शेडमध्येच होतो. साखरपुड्याच्या दिवशीचाच ऑपरेटर होता, तिचा जनरेटर घेऊन तिथे गेलेला. जनरेटर मोठ्याने ओरडला आणि खटकन आवाज होऊन आपोआप बंद पडला, म्हणाला. मूठ ओढायलाही उठावं लागलं नाही.

"तुम्ही कुठे होता?"

"चहा पीत होतो, अक्का."

ती हसली. तसं मोकळं हसताना मी तिला फार कमी पाहिलंय. "प्या मग. आम्ही येतो. तोवर झडप उघडू नका."

आम्ही तिच्या गाडीतून निघालो. तिथे तिने आधी ऑपरेटरची विचारपूस केली, मग बाह्या सारल्या. या खेपेलाही ऑइलच आत गेलं होतं. इंजिन शाबूत होतं. गिरणीतल्या बायका भात पाखडता पाखडता तिच्याकडे बघत होत्या. त्यातल्या एकीने मला विचारलं, "ह्या कोण?"

"माझी अक्का," मी म्हणालो.