जिजीचा जेठ

आमच्या शेजारच्या जिजीला उभ्या जन्मात परका माणूस म्हणून कधी भेटलाच नाही. आगगाडी असो की सर्व्हिस मोटार, बाई चढली की टोपली खाली आणि चौकशी सुरू: "कोन गावना रे भाऊ? मामा कोनता तुन्हा?" तिसऱ्या प्रश्नाला नातं निघालंच पाहिजे! नवापूरच्या वाटेवर जनानी डब्यात ऐसपैस पसरलेल्या एका मिशाळ बाप्याला तिने भाचा ठरवलं, हातावर दशमी ठेवली आणि पुढच्या स्टेशनावर उतरवून दिलं. बिचारा पाया पडून गेला! तिकीट तपासणाऱ्याला तर तिने एकदा जावई केलं होतं. मला मेलीला कुठे तोंड लपवू असं व्हायचं.

पहिल्या खेपेला बैलगाडीच्या हिसक्यांनी माझं पोर पोटातच गेलं. दुसऱ्या वेळी सातव्या महिन्यात विसरवाडीला माहेरी निघाले, तेव्हा सोबतीला जिजी होती. नंदुरबारला मोटार खचाखच भरलेली, बाकांवर सगळे बापे, आणि एक मेला हलेल तर शपथ! त्या रस्त्याने उभ्याने जायचं या नुसत्या विचारानेच मी पोट दोन्ही हातांनी धरलं. जिजीने कडेच्या फेटेवाल्याला गाव विचारलं, कूळ विचारलं आणि एकदम किंचाळली, "अरे देवा! तुम्ही तं मन्हा जेठ!"

झालं! आमच्याकडे जेठ म्हणजे थोरला दीर. त्याच्याशी बोलायचं नाही, त्याला तोंड दाखवायचं नाही, त्याला पदरही लागता कामा नये. जिजीने तोंडभर पदर ओढला आणि खिडकीच्या गजाला सांगितलं, "गाडीमाय, जेठजीले सांग, पोरगी पोटुशी शे." फेटेवाला चटका बसल्यासारखा उठला. भावजयीला धक्का लागू नये म्हणून गृहस्थ थेट टपावर जाऊन बसला! मी बसले आणि इतकं हायसं वाटलं की रडूच फुटलं.

मुलगी सुखरूप झाली. बारशाला मी जेठांची चौकशी केली, तर जिजी हसत सुटली. "मन्हा घरमा कसाना जेठ? तुन्हा काका सगळास्मा मोठा!" तिचा नवराच भावांत थोरला!

फेटेवाल्याने मात्र नातं खरं धरलं. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भावजयीकडे आंबे यायचे. जिजी गेली तेव्हा म्हातारा तोच फेटा बांधून आला. "आत या ना, शेवटचं तोंड पाहून घ्या," मी म्हटलं. तो ओट्यावरच पाठ फिरवून बसला.

"नही माय," म्हणाला, "मी जेठ शे तिना."