खाट एक शे

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. चार माणसांनी मिळून एखादं चांगलं काम काढावं आणि त्यासाठी कुणापुढे हात पसरायला निघावं, की ते आपोआप घरी चालत येतात. मदत मागाहून येते, आली तर! देवपूरच्या आमच्या बाळंतघराचे किस्से माझ्याकडे इतके साठलेत, की एक काढायला जावं तर तीन बाहेर पडतात. ऐकणारे हसतात, मीही हसते. मंडळी उठून गेली की मात्र मला धुळ्याची अशी काही आठवण येते, की हातातलं काम पुढे सरकत नाही.

आधी माणसं सांगते, नाहीतर तुमचा गोंधळ होईल.

अक्का ही घरमालकीण. घर पांझरेच्या या काठाला, देवपुरात, आणि सरकारी दवाखाना त्या काठाला, धुळ्यात. त्यांची एकुलती एक लेक गोदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि नेमका नदीला पूर आला. पलीकडे जाता येईना, पलीकडून कुणाला आणता येईना. पूर ओसरला तेव्हा गोदा नव्हती, बाळही नव्हतं.

पुढे अक्कांनी ओसरीलगतची खोली रिकामी केली, तिला चुना मारला आणि गोदाची खाट तिथे मांडली. ज्या बाईला नदी ओलांडता येत नाही तिने इथे बाळंत व्हावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्यातून आमचं मंडळ निघालं. नाना अध्यक्ष, रिटायर्ड हेडमास्तर. भाऊ खजिनदार, गल्लीत त्यांचं कापडाचं दुकान. आणि मी चिटणीस, मुलींच्या शाळेतली मास्तरीण, पुण्याहून आलेली. माझं अक्षर बरं होतं, हीच माझी लायकी!

खोली होती, खाट होती, अक्का होत्या. शिकलेली नर्स तेवढी नव्हती. तिला कायमची ठेवायची तर ग्रँट हवी. अक्कांचा सगळा जीव तिच्यात अडकला होता. "नर्सबाई कधी येई वं मास्तरीण?" हे त्या मला रोज विचारत.

*

पहिला अर्ज नानांनी सांगितला, मी लिहिला. काळ इंग्रजी अमदानीचा, आणि अर्ज जायचा मोठ्या साहेबाकडे. नानांनी सुरुवातच अशी केली, की साहेबाला दीर्घायुष्य, त्याच्या मडमेला आरोग्य, साम्राज्यावर कधीही न मावळणारा सूर्य. दुसऱ्या पानावर खानदेशची हवा, कापूस आणि लोकांची राजनिष्ठा आली. तिसऱ्या पानावर नानांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि आम्ही खाली सह्या केल्या.

उत्तर लवकर आलं. भाऊंनी फोडून मोठ्याने वाचलं. "आपल्या सदिच्छा पोचल्या. आभार."

नानांनी पत्र उलटून मागची बाजूही पाहिली. मग अक्कांनी विचारलं, "नाना, बठ्ठं लिखं, पन मांगं काय?"

सगळं लिहिलं होतं, मागायचंच राहिलं होतं!

*

मग भाऊ म्हणाले, सरकारचा नाद सोडा, आपला खानदेशी माणूस बघू. जळगावजवळ असोद्याला त्यांच्या ओळखीचे एक शेठ होते, मोठे बागाईतदार. आम्ही सगळे गाडीने गेलो. शेठ अक्कांच्या पाया पडले, गोदाची हकिगत ऐकून डोळे पुसले आणि म्हणाले, "काळजी करू नका. माझ्याकडे जे आहे ते तुमचंच."

आम्ही परत येताना आगगाडीतच नर्सबाईंच्या राहण्याची व्यवस्था ठरवून टाकली. अक्कांनी तर तिच्यासाठी चूल कुठे मांडायची तेही सांगितलं.

शेठ शब्दाला जागले. धुळे स्टेशनवर आमच्या नावाने त्यांच्याकडे जे होतं ते उतरलं. केळी! घडच्या घड! आणि आमच्याकडे ओल्या बाळंतिणीला केळं दाखवतसुद्धा नाहीत, थंड पडतं म्हणून.

मंडळाची तातडीची सभा भरली. विषय एकच, केळी. ठराव झाला की सभासदांनी ती खावीत. आम्ही सकाळी खाल्ली, संध्याकाळी खाल्ली, शाळेत नेली. तरी संपेनात, म्हणून नानांनी उपास धरायला सुरुवात केली. आभाराचं पत्र मीच लिहिलं, आणि खोटं लिहायचं नाही असा माझा बाणा! "आपली देणगी मंडळाच्या अंगी लागली," असं लिहिलं.

*

हसण्यात दिवस जात होते असं मात्र समजू नका. खोली चालू होती. देवपुरातली बाई येई, शेतातली येई, एकदा पिंपळनेरच्या पलीकडची एक मजूर बाई कामाच्या वाटेवर अडून आमच्याकडे आली. जुनी सुईण होती, तिच्या हाताला यश होतं, पण अडलेली बाई आली की तीही अक्कांना हाक मारी. अशा वेळी अक्का आत उभ्या राहत. बाळ रडलं की मात्र त्या मागच्या दारी जात आणि नदीकडे बघत उभ्या राहत. तेव्हा त्यांना कुणी हाक मारायची नाही, हे आम्हाला न सांगता कळलं होतं.

*

पुढे कळलं की पुण्यात एक फंड आहे, खास लहान संस्थांसाठी. नाव सांगत नाही, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्हालाही ते सांगावंसं वाटणार नाही. या वेळी अर्जात मी पहिल्याच ओळीत मागितलं. फंडाचे तपासनीस आले. पुण्याचे, कोट-टोपी, बरोबर कारकून. आमच्यापेक्षा लहान संस्था त्यांना शोधून सापडली नसती, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो.

मी आत चहा करत होते, नाना-भाऊ साहेबांना अंगण दाखवत होते. कारकुनाने दारातच अक्कांना विचारलं, "खाटा किती?"

अक्कांनी खरं तेच सांगितलं. "खाट एक शे."

आमच्याकडे 'शे' म्हणजे 'आहे'. पुण्यात 'शे' म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. कारकुनाने आत डोकावून बघायचे कष्ट घेतले नाहीत. चहा पिऊन मंडळी गेली.

उत्तर आलं, "शंभर खाटांच्या एवढ्या मोठ्या संस्थेस आमच्या लहान निधीतून साहाय्य करता येत नाही. क्षमस्व."

*

मी धावतपळत दुरुस्तीचा अर्ज धाडला. खाट एकच आहे, असं दोनदा अधोरेखित केलं. अक्कांना वाटलं, आता तरी नर्सबाई येणार. उत्तरात एकच वाक्य होतं.

"उरलेल्या नव्याण्णव खाटांचे काय झाले, याचा खुलासा करावा."

नाना हादरले. सगळी हयात त्यांनी स्वच्छ चारित्र्यावर काढली होती. ते खुर्चीत बसून राहिले. भाऊ उसळून म्हणाले, "केळी आम्ही खाल्ली, ते कबूल! खाटा खाल्ल्या नाहीत!"

त्या दिवशी अक्का पहिल्यांदाच मला काही विचारायला आल्या नाहीत. आपल्या तोंडून गेलेल्या एका शब्दाने नर्सबाई दुरावली, असं त्यांनी मनाला लावून घेतलं होतं. मी खूप समजावलं. त्या म्हणाल्या, "मी आते बोलावच नही." आणि खरंच, परक्या माणसासमोर त्या बोलेनाशा झाल्या.

*

खुलासा घ्यायला तेच तपासनीस पुन्हा आले, भर पावसाळ्यात, आणि या वेळी एकटे. येताना पार भिजले, आणि आल्यावर एकच खाट बघून खाली बसले. तेवढ्यात नदी चढली. साहेब अलीकडे अडकले, वर अंगात सणसणून ताप! आता त्यांना झोपवायचं कुठे? सगळं घर गळत होतं, कोरडी अशी ती एकच खोली. त्या दिवशी पेशंटही कुणी नव्हतं.

नाना म्हणाले, "पुरुषमाणूस, तेही बाळंतखाटेवर?"

अक्कांनी मौन सोडलं. "खाटवर जो जपस तो बाळंतीनच शे."

या खाटेवर झोपला की बाळंतीण, मग काय! साहेबांच्या कानाला फडकं बांधलं. खाटेखाली शेगडी ठेवून शेक दिला. सकाळी डिंकाचा लाडू, दुपारी भरपूर लसूण घातलेली भाजी, वर ओवा आणि बाळंतशोपा. उठून बसायला लागले की अक्का दटावत. पूर ओसरेपर्यंत त्यांची अशी शुश्रूषा चालली, की ताप घाबरूनच गेला असावा. निघताना भाऊंनी विचारलं, "आता कसं वाटतंय साहेब?"

साहेब म्हणाले, "बरं शे!"

त्यांच्या अहवालाची नक्कल आम्हाला आली. नानांनी ती चौकटीत लावली. "संस्थेत खाट एकच आहे. प्रत्यक्ष वापरून खात्री करून घेतली."

ग्रँट मंजूर झाली.

*

आता मी पुण्यात आहे. नाना गेले, भाऊ गेले, अक्काही गेल्या. इथे सगळं आहे, पण दिवसभरात कुणाच्या तोंडून 'शे' ऐकू येत नाही. बाजारात एकदा मागून कुणी म्हणालं, "तो आठेच शे," म्हणजे इथेच आहे, आणि मी भाजी तशीच टाकून वळले. पिंपळनेरकडचं का धुळ्याकडचं कुणी असेल. गर्दीत सापडलं नाही. घरी आले आणि रडले.

एकच सांगायचं राहिलं. नर्सबाई आल्या तो दिवस.

तरुण होत्या, नाशिककडच्या. पांढरं पातळ, हातात कातडी बॅग. नदीला त्या दिवशी घोट्याएवढंही पाणी नव्हतं. नानांनी भाषण तयार ठेवलं होतं, भाऊंनी पेढे आणले होते. अक्का नवं लुगडं नेसून सकाळपासून दारात उभ्या होत्या. बाईंना मात्र भाषणात गोडी नव्हती. "आधी काम दाखवा," त्या म्हणाल्या. "पेशंट कुणी आहे का?"

खोलीत कुणी नव्हतं. खाटेवर धुतलेली चादर होती. "सध्या तरी..." असं नाना म्हणायला लागले.

अक्का खाटेपाशी गेल्या. उशी सारखी केली, चादरीची सुरकुती हाताने काढली.

"शे ना," त्या म्हणाल्या. "गोदा शे."

नर्सबाईंनी बॅग खाली ठेवली आणि हात धुवायला पाणी मागितलं.