वेशीचा कायदा

रोहणा गावच्या नत्थूजीने आयुष्यात एकच चैन केली. त्याने एक रान पाळलं होतं, आणि तेही गोणपाटावर.

तरुणपणी तो खडी गमतीच्या, म्हणजे आमच्याकडच्या तमाशाच्या, फडात राक्षसाचं काम करायचा. पुढे फड मोडला, लग्न झालं, चार एकरांतली कापसाची पऱ्हाटी गळ्यात पडली, पण राक्षस काही अंगातून उतरला नाही. मग एका वर्षी त्याने कापसाचा बारदाना उसवून सपाट केला आणि गेरू अन् कोळशाने त्यावर रान काढलं. त्यात नदी होती, भुयार होतं, बोलणारा वड होता, वेताळाचं देऊळ होतं आणि पार टोकाला सोन्याची नगरी होती. त्याची बायको कोकिळा म्हणायची, "घराले रंग द्याले सवड नाई, राक्षसाले मात्र दोन हात देते हा माणूस."

हे रान तो बैलबंडीत टाकून आर्वीला आणायचा. ऐंशी सालच्या आगेमागे कापूस खरेदीच्या रांगेत बंड्या दिवस दिवस उभ्या असत. बैल सोडून त्यांच्यापुढे कडबा टाकला की माणसाला काही काम उरत नसे. कोणी पत्ते कुटायचं, कोणी बंडीखाली घोरायचं. आम्ही तिघं नत्थूजीच्या रानात जायचो.

तिघं म्हणजे शेजारच्या गावचा मी, रूपराव. नत्थूजीचा चुलतभाऊ महादेवराव. आणि रोहण्याच्याच बौद्ध वस्तीतला हरिदास. मी शिकारी होतो, माझी सोंगटी म्हणजे कोटाचं बटन. महादेवराव मांत्रिक. खऱ्या आयुष्यात त्याचं कोणी ऐकत नसे, म्हणून असेल. हरिदास वैद्य होता आणि त्याची सोंगटी बैलाच्या गळ्यातलं पितळी घुंगरू होतं. मेलेल्याला जितं करायची मुळी फक्त त्याच्याकडे, त्यामुळे महादेवराव त्याच्याशी फार गोड बोलायचा. बाकी सगळं नत्थूजी एकटा चालवायचा: राक्षस तो, वेताळ तो, पाऊसही तोच. दान पाडायला फोडलेले चिंचोके, पांढरी बाजू वर आली तर निभावलं, काळी आली तर भोगा.

आणि दर हंगामाला नवे कायदे. दसऱ्यापासून त्याच्या डोक्यात ते शिजत असायचे. एका वर्षी उडती घोरपड आली. एका वर्षी कायदा आला की मांत्रिक खोटं बोलला तर त्याचा मंत्र दिवसभर बंद. त्या वर्षी महादेवरावाला एकही मंत्र टाकता आला नाही. तो वकिलासारखा भांडायचा, पण नत्थूजी म्हणायचा, "रान माह्यं, कायदा माह्या," आणि तिथे विषय संपायचा.

अशाच एका हंगामात त्याने वेशीचा कायदा आणला. रानात आता मधे मधे गावं होती. वाटसरू वेशीशी आला की वेशीवरचा माणूस विचारणार, "कोणाचे तुमी? आडनाव काय?" मग चिंचोके टाकायचे. पांढरे पडले तर पाणी अन् मुक्काम, काळे पडले तर रात्र वेशीबाहेर. आडनाव विचारण्यात नत्थूजीला काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे नव्या माणसाला पहिलं तेच विचारतात, आणि काऊन विचारतात ते सगळ्यांना माहीत असतं.

माझे चिंचोके पांढरे पडले, महादेवरावाचेही. हरिदासचे सगळे काळे पडले. नत्थूजी रंगात आला होता. फडातला जुना आवाज काढून, हात उंच धरून तो म्हणाला, "तिथंच थांब. वरून पाणी वाढतो. ओंजळ धर."

असं त्याला कोणी शिकवलं नव्हतं. त्याने लहानपणापासून पाहिलं होतं, तेच तोंडातून आलं. हरिदासचा आजा रोहण्याची वेस राखायचा. सारं गाव त्याच्या भरवशावर झोपायचं, पण गावच्या विहिरीवर त्याला ओंजळच धरावी लागे. हे आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं. हरिदासने घुंगरू उचललं, सदऱ्याच्या खिशात घातलं, आणि उठून आपल्या बैलांकडे गेला. 

"खेळच तर होय बाप्पा," नत्थूजी म्हणाला.

मला राग आला. मी म्हटलं, "तुमच्यासाठी खेळ होय. त्याच्या आज्यानं तो पुरा खेळला."

वैद्य गेला तसे दुपारपर्यंत आम्ही दोघंही रानात मेलो. नत्थूजीने बारदाना गुंडाळला. त्या हंगामात तो पुन्हा उलगडला नाही.

उन्हाळ्यात नत्थूजी माझ्याकडे आला. म्हणाला, "रूपराव, मले हरिदासच्या घरी जाचं हाय. एकट्याच्यानं जाववत नाई." साठीला आलेला माणूस, आपल्याच गावात, हाकेच्या अंतरावर, आणि सोबत मागत होता. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं.

आम्ही गेलो. हरिदासने ओसरीत बाज टाकली. नत्थूजी खाली पाहत म्हणाला, "माह्यं चुकलं. तो कायदा मी काढून टाकला."

"काढला त बरं केलं," हरिदास शांतपणे म्हणाला.

तेवढ्यात त्याची बायको जिजाबाई दोन गिलास पाणी घेऊन आली. मी माझा घेतला. नत्थूजीच्या तोंडून सवयीने गेलं, "आत्ताच पेऊन आलो, माय."

जिजाबाईने गिलास मागे नेला. तिला हे उत्तर पाठ होतं. हरिदास म्हणाला, "नत्थूजी, कायदा गोणपाटावरून निंगाला. बाकी हाय तिथंच हाय."

परतताना नत्थूजी गावच्या विहिरीपाशी थांबला. मग म्हणाला, "तोंडच बेइमान निंगालं गड्या." मी त्याला धीर दिला नाही. काही गोष्टी माणसाला एकट्याने चघळाव्या लागतात.

पुढच्या हंगामात आर्वीला रांग लागली, तेव्हा हरिदासची बंडी आमच्यापासून बरीच मागे होती. रोहण्याचे निम्मे लोक होते तिथे. प्रत्येक बंडीखाली ज्याचं त्याचं पाण्याचं मडकं. आम्ही रोज कापूस मोजून देण्याची वाट पाहत होतो, आणि मी आणखी एका गोष्टीची पाहत होतो.

एका दुपारी नत्थूजी उठला. धोतर सारखं केलं आणि रांगेच्या कडेकडेने चालत गेला. मी त्याच्या मागे गेलो, महादेवरावही आला. हरिदास बंडीला टेकून बसला होता. नत्थूजी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "हरिदास, तहान लागली. पाणी दे." आणि खाली बसून त्याने दोन्ही हातांची ओंजळ पुढे धरली.

पत्ते खेळणारे थांबले. कोणीतरी खाकरलं. नत्थूजीने ओंजळ खाली घेतली नाही.

हरिदासने त्या हातांकडे पाहिलं. मग त्याने मडक्यात गिलास बुडवला.

"उठा नत्थूजी," तो म्हणाला. "आपल्या वेशीवर ओंजळ नाई चालत. गिलास घ्या."

नत्थूजीने गिलास घेतला आणि तोंडाला लावून पाणी प्यायला. घाईत पाणी मिशीवरून सदऱ्यावर सांडलं. गिलास रिकामा होईपर्यंत हरिदासने काही विचारलं नाही. मग म्हणाला, "हं, आता सांगा. कोण तुमी?"

"रोहण्याचा नत्थू. रान चालवतो."

"रान तुमीच चालवा. पण वेस माह्याकडं राहीन. कायदा एकच. आधी पाणी, मंग नाव."

"अन् एखाद्याले नावच नसन सांगाचं तर?" महादेवरावाने विचारलं. त्याला प्रत्येक कायद्यात खोट काढायचीच असते.

"तर नाई सांगाचं. पाणी तर पेलाच ना तो."

 माझे डोळे भरून आले होते, म्हणून मी बैलांकडे पाहत राहिलो. नत्थूजीने जाऊन बारदाना आणला आणि हरिदासच्या बंडीपाशीच उलगडला. घडीच्या जागी गेरू उडाला होता, सोन्याची नगरी अर्धीच राहिली होती. हरिदासने खिशातून घुंगरू काढलं, सदऱ्याला पुसलं आणि वेशीवर ठेवलं.