उतारावरची हौसाआक्का

गावात कुणाच्या दारात बांधकामाच्या वाळूचा ढीग पडला की हौसाआक्का तिथे थांबायची, मूठभर वाळू पदराच्या टोकाला बांधायची आणि तडक जाऊन नदीत सोडायची. घरमालक समोर उभा असला तरी तिला त्याचं काही नव्हतं. एकदा मी म्हणालो, "आक्का, ट्रकच्या ट्रक गेले. तुझ्या मुठीनं नदी भरणार आहे का?"

"चोरीचा माल हाय, गुर्जी," ती म्हणाली. "घावंल तेवढा घरी पोचवती."

आमचं गाव पलूसच्या बाजूला, कृष्णेच्या वळणावर आहे. मी तिथल्या शाळेत मास्तर होतो आणि आक्काच्या घराची नि माझ्या घराची भिंत एकच. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ती आणि तिचे मालक रामूतात्या नदीच्या वाळूत कलिंगडं आणि काकड्या लावायचे. त्या वाळूत हातभर उकरलं की निवळ पाणी वर यायचं, निम्मं गाव तेच प्यायचं. वेलांच्या मध्ये टिटवीनं अंडी घातली तर तात्या त्या जागेला वळसा घालून पाणी द्यायचे. कासवांनी अंडी पुरलेल्या जागेवर आक्का बाभळीची फांदी टाकून ठेवायची, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून.

"वाळू म्हंजी नदीची कातडी," ती म्हणायची. "कातडी सोलल्याव जनावर जगतंय व्हय?"

सोलणारा गावातलाच निघाला. दिलीप त्याचं नाव. वाळूचा ठेका त्यानं घेतला, नदीत बोट घातली आणि ठेक्याची हद्द सोडून दिसेल तिथला तळ उपसला. कलिंगडं गेली, टिटव्या गेल्या, वाळूच्या जागी काळा चिखल वर आला आणि विहिरींनी तळ गाठला. आम्ही अर्ज केले. साहेब यायचे त्या दिवशी बोट नेमकी गायब असायची. रस्त्यात भेटला की दिलीप मला म्हणायचा, "गुर्जी, माडी चढवा की. वाळू आपल्याकडनं." असं म्हणून तो हसायचा आणि माझे हात शिवशिवायचे.

एका दुपारी रामूतात्या पलीकडच्या काठाला निघाले. नदी पायी ओलांडायची जागा म्हणजे आमचा उतार. तिथे उन्हाळ्यात पाणी गुडघ्याच्या वर जात नाही आणि तात्या जन्मभर तिथूनच येत-जात होते. त्याच आठवड्यात दिलीपनं उतार उपसला होता. तात्यांचा पाय खड्ड्यात गेला आणि ते बुडाले. दिलीपनं पोलिसांना जबाब दिला, "हिथं खड्डाच न्हाई. म्हातारं पिऊन पाण्यात शिरलं." ज्या माणसानं आयुष्यात दारूला बोट लावलं नाही, त्याच्या नावापुढे दारुडा असं लागलं.

बायका आक्काला समजावत होत्या, देवावर सोड म्हणून.

"देवाला लय कामं हायती," आक्का म्हणाली. "ह्ये माझं काम हाय. माझ्या गड्याला दारुडा म्हणलाय, त्ये मी त्येच्याच तोंडातनं माघारी घेणार."

चैत्रात भैरोबाची यात्रा असते. देवाची पालखी उतारातून पलीकडच्या देवीच्या भेटीला जाते. पुढे काठीनं तळ चाचपत वाट दाखवायचा मान तात्यांच्या घराचा, आणि पालखीच्या पुढच्या दांडीला दिलीपच्या घरचा खांदा. तात्यांना मुलगा नव्हता. आक्का काठी घेऊन पुढे झाली तेव्हा म्हातारी माणसं कुरकुरली. "मान घराचा हाय, मिशीचा न्हाई," असं म्हणून ती पाण्यात उतरली.

ढोल वाजत होते. पाण्याला गुलालाचा रंग चढला होता. मी पालखीच्या शेजारीच होतो. निम्म्या पात्रात आक्का थांबली, वळली आणि काठी दिलीपपुढे धरली.

"हिथनं फुडं तू चल."

"आवं आक्का, मान तुमचा हाय," दिलीप हसत म्हणाला.

"हिथं खड्डा न्हाई, तूच सांगितलंस न्हवं? माझा गडी पिला हुता. तू तर शुद्धीत हाईस. टाक पाऊल."

ढोल थांबले. दिलीपनं पाय उचलला, पाण्याकडे बघितलं आणि पुन्हा होता तिथेच ठेवला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "उजव्या अंगानं घ्या."

"का?"

"घ्या म्हंतोय न्हवं."

"का, त्ये सांग. देव हाय तुझ्या खांद्याव."

त्याच्या कपाळावरचा गुलाल घामानं ओघळत होता. "खड्डा हाय," तो म्हणाला.

"कुणी काढला?"

"मीच."

"आन् माझा गडी?"

"तात्या पिल्यालं न्हवतं."

सगळ्या गावानं ऐकलं. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, हे मी लाज न बाळगता लिहितो. गावातल्या एका म्हाताऱ्यानं दिलीपच्या खांद्यावरची दांडी काढून घेतली. पालखी त्या दिवशी पहिल्यांदाच नदीतून माघारी फिरली. पोरांनी त्याची बोट ओढून काठावर आणली, ती अजून तिथेच गंजत पडली आहे. नवे जबाब झाले आणि कोर्टात तारखा पडतात. वाळू मात्र आली नाही. ती पिढ्यांनी साठते, असं म्हणतात.

आक्का अंथरुणाला खिळली तेव्हा दिलीप एकदा तिच्या दारात आला. उंबऱ्याच्या बाहेर उभं राहून त्यानं माफी मागितली. आक्कानं डोळेसुद्धा उघडले नाहीत. "नदी हुती तशी करून आण," ती म्हणाली. "मग बघू."

गेल्या पावसाळ्यात ती गेली. तिरडी उचलताना गर्दीतून वाट काढत दिलीप खांदा द्यायला पुढे आला. मी त्याचा हात धरून बाजूला केला. कुणीतरी म्हणालं, "गुर्जी, मेल्याव वैर संपतंय."

"तिचं संपलं असेल," मी म्हणालो, आणि त्याच्या जागी माझा खांदा दिला.