चैतरामची एकतिसावी गाडी

चैतराम गजभिये फौजेतून बालाघाटला परतला तेव्हा त्याच्या डाव्या हाताला तीनच बोटं उरली होती. पासष्टच्या लढाईत तो रणगाड्यावर नव्हता. बिघडलेले रणगाडे ओढून आणणाऱ्या गाडीवर होता. पंजाबच्या सरहद्दीवर, उसाच्या वावरात रुतलेला किंवा साखळी तुटलेला रणगाडा तारेच्या दोरानं बांधायचा, मागं आणायचा, दुरुस्त करून पुन्हा पुढं धाडायचा, हे त्याचं काम. वरून गोळे पडत असताना असे तीन त्यानं ओढले. चौथ्याला दोर तुटला, उसळला आणि दोन बोटं घेऊन गेला. शेजारी उभा असलेला त्याचा जोडीदार सुखराम जागीच गेला.

वारासिवनी रोडवर महागूशेठचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज होतं. चैतराम तिथं मेकॅनिक म्हणून लागला. दुपारी जेवणानंतर लोक झोप काढत. हा जुन्या बॅटरीतलं शिसं वितळवून प्लॅस्टरच्या साच्यात ओती आणि काडेपेटीत मावतील एवढ्या फौजी गाड्या करी. तोफेच्या नळीला सायकलच्या स्पोकचा तुकडा. जोड द्यायला कथलाचा डाग. फडताळात अशा चार-पाच गाड्या रांगेनं उभ्या असत.

अडुसष्टच्या हिवाळ्यात रिटायर्ड मेजर मोतीलाल जीप दुरुस्तीला घेऊन आले आणि त्या फडताळासमोरच थांबले. मेजरसाहेब दर रविवारी आपल्या बंगल्यात चार मित्रांसोबत टेबलावर लढाई खेळत. टेबलावर मातीच्या टेकड्या, शेवाळाची झाडं. फासा टाकायचा, पट्टीनं मोजून गाडी पुढं सरकवायची, निशाणा लागला की समोरच्याची गाडी उचलून बाजूला ठेवायची. आजवर रणगाडे म्हणून ते लाकडाचे ठोकळे वापरत.

"तीस बनवून दे," साहेब म्हणाले. "असेच. हुबेहूब."

चैतरामनं तीन महिने घेतले. पिवळ्यात काळा मिसळला की फौजी हिरवा उतरतो, हे त्याला माहीत होतं. गॅरेजात ट्रकांचा उरलेला रंग कामी आला. खारीच्या शेपटीच्या चार केसांचा ब्रश त्यानं स्वतः बांधला. साखळ्यांवर चिखल हवा होता, म्हणून तिरोडीच्या खाणीत असलेल्या मेव्हण्याकडून काळ्या दगडाची चुरी मागवली आणि ती घरच्या पाट्यावर वाटायला बसला.

"काय करून राह्यले तुमी?" जिजाबाई, त्याची बायको, ओरडली. "त्या पाट्यावर मिरची वाटाची हाये मले!"

"लढाई सरली का धुऊन देतो."

"तुमची लढाई कई सरते, मले तं दिसून नाई राह्यली."

रविवारी चैतराम लाकडी पेटी घेऊन बंगल्यावर गेला. तीस रणगाडे एकेक करून टेबलावर मांडले. मंडळी वाकून वाकून पाहू लागली. मग त्यानं पेटीच्या तळातून एकतिसावी गाडी काढली. मागं टाचणीची वाकवलेली क्रेन, तिला तारेच्या एका धाग्याचा दोर.

"ही कोणती?" मेजरसाहेबांनी विचारलं.

"ओढगाडी, साहेब. रिकवरी."

"सुंदर आहे. पण हिचं इथं काम नाही. आपल्या खेळात गाडी मेली की मेली."

"साखळी तुटली म्हंजे गाडी मरते काय, साहेब? दोन घंट्यात उभी करत होतो आमी."

त्या चार मित्रांपैकी एक, प्रेमलाल वकील, खुर्चीतून हसले. "राहू द्या हो, साहेब. ओढाचीच सवय यायच्या लोकाईले. ढोरं सुटले, तं गाड्या धरल्या."

दोघंतिघं हसले. मेजरसाहेब हसले नाहीत, पण बोललेही नाहीत.

चैतरामचा चेहरा ताठ झाला. आवाज मात्र चढला नाही. "वकीलसाहेब, छप्पन साली माह्या बापानं मेलेलं ढोर ओढनं सोडलं. गावानं विहीर बंद केली, तरी सोडलं. म्या जे ओढलं, ते मेलेलं नव्हतं. त्याच्या आतमंदी मानसं जिती होती."

एवढं बोलून तो टेबलावरचे रणगाडे उचलून पेटीत ठेवू लागला. घाई नाही, आदळआपट नाही. एकेक पुसून ठेवला.

"चैतराम, ही माझी ऑर्डर आहे," मेजरसाहेब म्हणाले.

"हौ, साहेब. पन गाड्या माह्या हायेत. जिथं ही एकतिसावी बसन, तिथंच बाकीच्या बसतीन."

दुसऱ्या दिवशी महागूशेठनं त्याला बाजूला घेतलं. मेजर आणि वकील, दोघंही गॅरेजची जुनी गिऱ्हाइकं. "वकीलसाहेबाची माफी माग. नाई तं उद्या येऊ नको."

"उद्याचं काहून? आजच चाललो," चैतराम म्हणाला आणि आपले पाने फडक्यात गुंडाळून निघाला.

घरी आल्यावर जिजाबाईनं सगळं ऐकून घेतलं. "माफी कायची मांगत होते?"

"ओढल्याची."

"मंग बरं केलं," ती म्हणाली. "चुलीचं पाहून घेऊ."

वॉर्डातल्या विहारासमोर चिंचेचं झाड होतं. त्याखाली चैतराम सायकली आणि पाण्याचे पंप दुरुस्त करू लागला. रविवारी मात्र तिथंच दोन पिंपांवर जुनं दार आडवं टाकून त्यावर माती पसरली जाई. नियम त्याचे स्वतःचे, आणि दोन्ही बाजूंना एकेक ओढगाडी. निशाणा लागलेली गाडी उचलायची नाही, जागेवरच ठेवायची. तीन पाळ्यांत ओढगाडी तिच्यापर्यंत पोचली, तर ती पुन्हा लढायला मोकळी. वॉर्डातली माणसं दोन्ही बाजूंनी दाटी करून उभी राहत. एकदा जिजाबाईनं गर्दीतून विचारलं, "एवढे लोक लढून राह्यले, त्याईले पानी कोन देते?" पुढच्या रविवारी टेबलावर पाण्याची टाकी असलेली गाडीही आली.

मेजरसाहेबांच्या ड्रायव्हरनं, भोजराजनं, ही बातमी बंगल्यावर नेली. उन्हाळ्यातल्या एका रविवारी जीप चिंचेखाली येऊन थांबली. साहेब बराच वेळ उभ्यानं पाहत राहिले, मग म्हणाले, "मी खेळू?"

कोणीतरी बसायला पोतं टाकलं. साहेब बसले. डाव चांगला मांडला त्यांनी, पण ओढगाडी मागं एका कोपऱ्यात विसरले. त्यांचे पाच रणगाडे जागोजाग अडून पडले. चैतरामचे मात्र पडत होते आणि पुन्हा उठत होते. तासाभरात साहेब हरले.

"चौदा वर्षं रणगाड्यांवर काढली," ते हळूच म्हणाले. "दोनदा माझी गाडी कोणीतरी ओढून आणली. मी नावही विचारलं नाही."

"माह्यासंग सुखराम होता. त्याचं नाव लिहून घ्या, साहेब. तुमची ज्यानं ओढली, त्याचं तुमालेच शोधा लागन."

साहेबांनी खिशातून डायरी काढली आणि खरंच लिहून घेतलं. जाताना म्हणाले, "माझं टेबल मोठं आहे. ओढगाडीही ठेवू. तिकडे ये."

"वकीलसाहेब असतीन तिथं?"

"असतील."

"मंग आमचं दारच बरं. तुमीच येत जा."

आणि साहेब येत गेले, कितीतरी वर्षं, पोत्यावर बसत. त्या दिवशी झालेल्या अपमानाबद्दल ते कधी उघड बोलले नाहीत. चैतरामनंही त्यांना ते कधी विसरू दिलं नाही.

एकाहत्तरच्या लढाईच्या दिवसांत गावभर रणगाड्यांच्याच गोष्टी चालल्या होत्या. तेव्हा प्रेमलाल वकिलांचा मुन्शी चिंचेखाली आला. घरच्या लेकरांसाठी सहा रणगाडे हवे होते. चैतरामनं कागदात एकच गाडी बांधून दिली, क्रेनवाली.

"पहिले ही ठेवाले जागा करा म्हना. टँकाचं मंग पाहू."

पुडी दुसऱ्या दिवशी परत आली. चैतरामनं ती सोडली, गाडीवरची धूळ फुंकली आणि कामाला लागला. एका पंपाचा वॉशर बदलायचा होता.